दसऱ्याच्या फोटोतली जागा

१० नोव्हेंबर, सोमवार

आले बाई पनवेलला एकदाची! मिरजेहून निघताना आईने एवढा चिवडा बांधून दिला, की जणू इथे दुकानंच नाहीत. एसटी स्टँडवर उतरले तर समोरच पिशव्या लटकत होत्या चिवड्याच्या. रिक्षावाल्याने टपाल नाक्यापर्यंत नेताना अख्ख्या गावाची ओळख करून दिली. वडाळे तलावाला मुद्दाम वळसा घातला आणि पैसे मात्र सरळ रस्त्याचेच घेतले. हे गाव आपल्याला मानवणार असं दिसतंय.

स्टुडिओ नाक्यामागच्या गल्लीत आहे. छोटा, जुना, पण चालता. मालक उदयसिंह, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्या पत्नी आशालताकाकू काउंटर सांभाळतात आणि दुपारी सगळ्यांना चहा करतात. कॅमेऱ्यामागे रूपेश, करंजाड्याचा, हसतमुख आणि बडबड्या. मी फोटो एडिट करणार, लग्नाचे अल्बम लावणार. संक्रांतीपर्यंत काम बघतो आणि मग कायम करतो, असं काकांनी सांगितलं.

आणि मला स्वतःची खुर्ची आहे! हात असलेली, फिरती. मिरजेत चुलतभावाच्या दुकानात मी इतकी वर्षं स्टुलावर बसून काम केलं. अल्बमवर नाव त्याचं, रात्री डोळे चुरचुरायचे माझे. गिऱ्हाईक आलं की ‘ए बारके, ऊठ, त्यांना बसू दे.’ आता मला कोण उठवतंय ते बघूच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

खोली नवीन पनवेलला मिळाली. घरमालकीण कडक आहे, पण पाणी चोवीस तास. रोज उड्डाणपुलावरून रिक्षाने येते.

माझ्या आधी इथे निशा नावाची मुलगी होती. ती श्रावणात डेंग्यूने गेली. ऐकून वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण दुपारपर्यंत ते वाईट वाटणं सरलं. कारण सकाळपासून जो येतो तो निशाचंच नाव घेतो. एका बाईंनी मुलीचा पासपोर्ट फोटो बघून निशाने केला असता तर मुलगी आणखी उजळ दिसली असती असं सांगितलं. तिने केला असता तर पासपोर्ट ऑफिसने परत पाठवला असता, हे मी मनातच ठेवलं. रूपेश तिला निशाताई म्हणायचा. मला मॅडम म्हणतो. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवताना दोनदा कप चुकीच्या बाजूला ठेवला. निशा डावखुरी होती म्हणे.

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगीच नाही. जिवंत माणसाशी दोन हात करता येतात. मेलेल्याच्या चुका कोण काढणार?

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज या स्टुडिओची खरी प्रसिद्धी कळली. जोडकाम.

घरात लग्न असतं आणि आजोबा चार महिन्यांपूर्वी गेलेले असतात. मग घरचे म्हणतात, ग्रुपफोटोत आमचे बाबा हवेत. फोटो काढताना मधे एक खुर्ची रिकामी सोडतात. खुर्चीवर सुपारी ठेवतात, पूजेत नसलेल्या माणसाच्या नावाने ठेवतात ना, तशी. नंतर आजोबांचा जुना फोटो घेऊन एडिटर त्यांना त्या खुर्चीत बसवतो. सुपारी पुसायची, माणूस बसवायचा. निशाचं जोडकाम पार अलिबागपर्यंत माहीत होतं. काकूंनी मला नमुने दाखवले. मी मुद्दाम वाकून, मोठं करून केसांच्या कडा बघितल्या. तिथेच सगळ्यांचं पितळ उघडं पडतं, माझंही पडतं. हिची कड सापडली नाही. नाकाला मिरच्या झोंबल्या, दुसरं काय. छान आहे म्हणाले आणि पुढचा नमुना मागितला.

तेवढ्यात एक गृहस्थ आले. मुलगा बोटीवर, बहिणीच्या लग्नाला येऊ शकला नाही, त्याला फोटोत जोडून द्या म्हणाले. काकांनी हात जोडून नकार दिला. इथे फक्त गेलेल्यांचं जोडकाम होतं. जिवंत माणसाची जागा राखायची, भरायची नाही, असं काकू म्हणाल्या. तो गृहस्थ रागावून गेला. मी रूपेशला विचारलं, हा काय प्रकार? तो म्हणाला, ‘जित्या मानसाला फोटोत जोडायचा नाय मॅडम. जो जोडला त्यो गेल्यात जमा. आमी तरी नाय हात लावणार.’ एवढा बडबड्या माणूस, पण हे बोलताना इकडेतिकडे बघत होता. मला हसू आलं. आलेलं गिऱ्हाईक असं घालवतात का कोणी!

१७ नोव्हेंबर, सोमवार

माझं पहिलं मोठं काम आज कळलं आणि तोंड कडू झालं.

दरवर्षी दसऱ्याला स्टुडिओतले सगळे दारात फोटो काढतात. यंदाच्या फोटोत काका, काकू, रूपेश आणि मधे रिकामी खुर्ची. खुर्चीवर सुपारी. निशाची जागा. सगळ्या पंचक्रोशीच्या मेलेल्यांना जिने जोडलं, तिला जोडायला मागे कोणी उरलं नाही, असं म्हणताना काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून ते काम आता माझ्याकडे. ते झालं की मोठी फ्रेम करून काउंटरमागे लावायची आहे.

म्हणजे मी येऊन पहिलं काय करायचं, तर तिला माझ्याच डोक्यावर टांगायचं.

भिंतीवर जुने ग्रुपफोटो आहेत, पण त्यांत तिचा चेहरा चण्याएवढा. जोडकामाला मोठा, नीट उजेडातला फोटो लागतो. असे तिचे पुष्कळ आहेत, कारण रूपेश लाइट लावून बघायला नेहमी तिलाच उभी करायचा. पण ते सगळे तिच्या कॉम्प्युटरवर. तो कॉम्प्युटर श्रावणापासून सुरूच होत नाही, आणि जुनी सिस्टीम तशीही आता कामाची नाही. बॅकअप कुठे आहे विचारलं, तर काका अभिमानाने म्हणाले, त्याच डिस्कवर ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर आहे. धन्य!

नवी ऑपरेटिंग सिस्टीम मी टाकते असं मी फोनवर मुलाखतीतच ठोकून दिलं होतं. काकांनी एकच बजावलं. सिस्टीम सी ड्राइव्हमध्ये टाक, डी ड्राइव्हला हात लावू नकोस. डीमध्ये निशाचं सगळं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पेन ड्राइव्ह लावला, सेटअप सुरू झाला. भाषा निवडली, अटी मान्य केल्या. मग जिथे विचारतात की सिस्टीम कोणत्या डिस्कवर टाकू, तिथे यादी कोरी. एकही डिस्क सापडली नाही असा संदेश. परत सुरू केलं, परत कोरी.

रूपेश मागे उभा राहून म्हणाला, की हा कॉम्प्युटर निशाताईशिवाय कोणाला दाद देत नाय. मी त्याला नारळपाणी आणायला पाठवलं.

घाबरण्यासारखं काही नाही. डिस्क न दिसण्याची कारणं ठरलेली असतात. केबल ढिली, पोर्ट खराब, बायॉसमधलं एखादं सेटिंग, नाहीतर ड्रायव्हर नाही. एकेक बघायचं. उद्या-परवा कॉम्प्युटरचा डबा उघडते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डबा उघडला. आत धूळ नाही. श्रावणापासून बंद असलेल्या कॉम्प्युटरमध्ये धूळ नाही, म्हणजे निशाबाई साफसफाईतही अव्वल! मी केबल काढून परत घट्ट बसवली. नाही दिसली. नवी केबल लावली. नाही. दुसऱ्या पोर्टला लावली. नाही. डिस्क हाताला गार लागत होती आणि आत फिरत असल्याचं बोटांना कळत होतं. मरून पडलेली नव्हती.

मग बायॉसमध्ये गेले. कॉम्प्युटर सुरू होताना सिस्टीमच्याही आधी जे निळं पान उघडतं ते. तिथे डिस्क दिसली! नाव, आकार, सगळं बरोबर. म्हणजे कॉम्प्युटरला ती माहीत आहे. फक्त नवीन आलेल्या सेटअपला दिसत नाही. लग्नघरात एखादी बाई कोपऱ्यात बसलेली असावी आणि तिची ओळख करून द्यायला कोणी नसावं, तसं. ओळख करून देणारा तो ड्रायव्हर, एक छोटा प्रोग्राम असतो. तो उतरवून पेन ड्राइव्हमध्ये टाकायचा आणि सेटअपला दाखवायचा. झालं.

काकू दिवसभर काळजीने विचारत होत्या, निशाचे फोटो असतील ना गं? डिस्क दिसेल का, म्हणजे तुझं काम अडणार नाही ना, असं एकदाही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

काका-काकू एका लग्नाला उरणला गेले होते, रूपेश सोबत. दुकानात मी एकटी. लख्ख दुपार.

ड्रायव्हर दाखवला. पडदा क्षणभर काळा झाला आणि यादीत डिस्क आली. सी आणि डी, दोन्ही. मला टाळी वाजवावीशी वाटली. आत काय आहे ते दुसऱ्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून बघितलं. डीमध्ये तिचे फोटोच फोटो. पिवळ्या लाइटमध्ये निशा, निळ्या लाइटमध्ये निशा, हनुवटी वर, हनुवटी खाली. सुंदर नव्हती. मी नीट बघितलं, माझ्याहून सुंदर नव्हती. पण प्रत्येक फोटोत अशी बघत होती, की कॅमेऱ्यामागे जो कोणी असेल तो तिचाच. काकूंनी तिला भरवतानाचा एक होता. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला एक. मला घरात, दारात, कुठेच असं कोणी धरलेलं नाही. आईनेही नाही.

परत सेटअपमध्ये गेले. डी निवडला. खाली ‘डिलीट’. सेटअप विचारतो, सगळं जाईल, नक्की ना?

नक्की.

केलं. आणि छातीत दुखण्याऐवजी हलकं वाटलं, हे लिहून ठेवते. ती गेलीच आहे. गेलेल्या माणसाने किती दिवस खुर्ची अडवायची?

२४ नोव्हेंबर, सोमवार

नवी सिस्टीम चालू. माझं नाव, माझा पासवर्ड. काकांना सांगितलं की डिस्क मेली होती, कशीबशी जिवंत केली, पण आतलं काही वाचलं नाही. काकांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला. मग म्हणाले, तू तरी काय करणार पोरी. काकू मागच्या खोलीत जाऊन बसल्या. दुपारचा चहा रूपेशने केला, साखर विसरला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

चार दिवस सुतक लागल्यासारखं वातावरण. मग मी विचार केला, यांना हवंय काय? तो फोटो पुरा व्हायला हवाय. ती खुर्ची भरायला हवी आहे.

दसऱ्याचा फोटो रूपेशच्या कार्डावर होता, तो माझ्या कॉम्प्युटरवर घेतला. आल्या दिवशी ओळखपत्रासाठी फोटो काढताना त्याने मला खुर्चीत बसवून एक पावलांपर्यंतचाही काढला होता, निळा कुर्ता, उजेड डावीकडून. दसऱ्याच्या फोटोतही उजेड डावीकडून. योगच म्हणायचा. सुपारी पुसली. खुर्चीत मी बसले. दिवसभर केसांच्या कडा घासल्या, मान दुखायला लागली. एक कड उजव्या कानापाशी जराशी दिसतेच. पण लांबून छान. काकूंच्या आणि काकांच्या मधे मी. काकूंचा पदर माझ्या खांद्याला लागतोय असं दिसतं.

रूपेशचं ते बोलणं आठवलं. मग वाटलं, मेलेल्यांना खुर्ची मिळते आणि जिवंत राबणाऱ्याला नाही, हा कुठला न्याय?

१ डिसेंबर, सोमवार

फ्रेम करून आणली. स्वतःच्या पैशांनी, सागवानी पट्टीची. काउंटरमागे लावली आणि सगळे यायची वाट बघत बसले.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. काकू फ्रेमकडे बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, हे तू काय केलंस गं? रागाने नाही. माझी कीव आल्यासारखं. काकांनी फ्रेम उतरवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. रूपेश दारातच थांबला, आतच येईना. त्याच्या गावात एकाला असं जोडलं होतं, असं काहीतरी सांगायला लागला, काकांनी त्याला गप्प केलं.

जळतात माझ्यावर. निशा त्या खुर्चीत बसली असती तर पेढे वाटले असते.

२ डिसेंबर, मंगळवार

अबोला धरलाय. मी आले, कोणी मान वर केली नाही. मी नमस्कार म्हटलं, काका दाराकडे बघून वारा आला वाटतं म्हणाले आणि दार लोटून घेतलं. नाटकं! काकूंनी चार कप चहा केला. मी हात पुढे केला, तर चौथा कप माझ्या बोटांना घासून टेबलावर ठेवला. डाव्या बाजूला. कोणी प्यायलं नाही तो.

बरं. मलाही अबोला धरता येतो. मिरजेची आहे मी.

४ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. काकूंनी दुकानातच घट मांडला. शेजारच्या दुकानातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या. काकू कुंकवाची कोयरी घेऊन ओळीने गेल्या. माझ्यापुढे आल्या. मी कपाळ पुढे केलं. त्या माझ्या मागे बघून हसल्या, पुढे झुकल्या आणि माझ्या खुर्चीच्या पाठीपुढे, जिथे माणसाचं कपाळ येईल त्या उंचीवर, हवेतच बोट टेकवलं.

अपमान करायचा तर किती करावा माणसाने? मी उठून बाहेर गेले. कोणी थांबवलं नाही. एक गिऱ्हाईक दारातून आत येत होतं, ते सरळ माझ्या अंगावर आलं. माफी मागितली नाही. आपटलं कशाला म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि गेलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

हा अबोला नाही.

रूपेश लाइट लावत होता. मी मुद्दाम त्याच्यासमोर स्टुलाशेजारी जाऊन उभी राहिले. कॅमेऱ्याला चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळी चौकट येते. मोठा पडदा भिंतीला लावलेला असतो, त्यात मी बघत होते. पडद्यात मी होते. निळा कुर्ता, केस विस्कटलेले. माझ्या चेहऱ्यावर चौकट आली नाही. मी हसले, मान वळवली, अगदी कॅमेऱ्याच्या काचेजवळ गेले. नाही.

मग चौकट आली. माझ्या शेजारी, रिकाम्या स्टुलावर. चेहऱ्याच्या उंचीवर. तिथे काही नव्हतं. चौकट हलली, जशी माणसाची मान हलते.

रूपेशने कॅमेऱ्यावरून डोकं वर काढलं आणि हसून म्हणाला, ‘ताई, जरा हनुवटी वर.’

७ डिसेंबर, रविवार

फोन माझा चेहरा ओळखत नाही. पासवर्ड टाकून उघडला. आईला लावला. तिने उचलला, हॅलो हॅलो केलं. मी बोलत होते, ओरडत होते. आवाज येत नाही म्हणाली. मग मागे कोणालातरी सांगत होती, की नंबरपुढे नुसतं ‘पनवेल’ लिहिलंय, आपलं तिकडे कोण आहे?

आपलं तिकडे कोण आहे!

घरमालकीण एका बाईला खोली दाखवायला घेऊन आली. पाणी चोवीस तास, असं म्हणाली. मी पलंगावर बसले होते.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी जाऊन फ्रेम उतरवली. काच फोडली, फोटोचे तुकडे केले. काही झालं नाही. तुकडे गोळा करताना कळलं — कागदाने काय होणार. मूळ फोटो डिस्कवर आहे. तिथून मला काढायला हवं. आणि तिचे फोटो परत आणायला हवेत, पुसलेलं परत काढणारे प्रोग्राम असतात. तिला तिच्या खुर्चीत बसवते. मी स्टुलावर बसेन. जमिनीवर बसेन.

कॉम्प्युटर सुरू केला — डिस्क सापडली नाही.

केबल काढली, घातली. दुसरी केबल. दुसरा पोर्ट. सेटअपचा पेन ड्राइव्ह लावला, यादी कोरी. ड्रायव्हर दाखवला. कोरी. परत दाखवला. बायॉसमध्ये गेले — तिथेही नाही. हाताला लागते, गार, आत फिरतेय, बोटांना कळतंय — आणि कॉम्प्युटर म्हणतो, नाही.

आता तीच जागा माझी. कोपऱ्यात बसलेली, ओळख करून द्यायला कोणी नसलेली.

कारणं सगळी तपासली. मीच उरलेय.

९ डिसेंबर

माझ्या खुर्चीत ती बसली आहे.

काही धूसर वगैरे नाही. मुलीसारखी मुलगी. जरा अशक्त. काकू तिला विचारत होत्या, ताप गेला तरी थकवा आहे का गं अजून. रूपेशने तिची बॅग उचलली. काका म्हणाले, श्रावणात आम्हाला घाबरवलंस पोरी, वाचलीस ते नशीब. तिला कोणी गेलेलं म्हणत नाही — कोणाला आठवतच नाही ती गेली होती ते. रिक्षावाला, शेजारच्या दुकानातल्या बायका, सगळे येऊन भेटून गेले.

मेलेलीच्या जागी मी बसले. माझ्या जागी ती. रूपेश सांगत होता ते हेच. मी हसले होते.

मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने बघितलं. एकटीनेच बघितलं. वर न बघता, कॉम्प्युटरच्या पडद्यात उमटलेल्या माझ्याकडे.

आणि मला काय वाटलं असेल? भीती वाटायला हवी होती. मला वाटलं — काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवलाय.

१० डिसेंबर

गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून लिहितेय. माझ्याशेजारी एक बाई बसली, माझ्या मांडीवर पर्स ठेवली. पर्स पडली. मग तिने बाजूला ठेवली.

निशाने कॉम्प्युटर सुरू केला. डिस्क लगेच दिसली. दोन्ही ड्राइव्ह. ना केबल, ना ड्रायव्हर — लगेच. दसऱ्याचा फोटो उघडला. काका वाकून बघायला लागले. ही मुलगी कोण मधेच, म्हणाले. निशा म्हणाली — आवाज पहिल्यांदा ऐकला, गोड आहे, असणारच — कोणा गिऱ्हाइकाचं जोडकाम चुकून आपल्या फोटोत गेलं असेल. काकू म्हणाल्या, बिचारी, कोणाची पोर असेल ती, किती तरुण गेली. हात जोडले त्यांनी. मला. मग म्हणाल्या, पण आपल्या फोटोत नको, काढून टाक.

मी ओरडले. बाकावरची बाई पंख्याकडे बघायला लागली.

निशाने पुसायचा ब्रश निवडला, माउस घेतला. डाव्या हातात.

पावलांपासून — चपला गेल्या — जमीन लागत नाहीये पायांना, पाय कुठे —

कुर्त्याची खालची कड. खुर्चीचं लाकूड खालून येतंय, जसंच्या तसं, रेषेला रेषा. मला तासन्‌तास लागले होते. ही घाईत नाही. आवडीने करतेय.

वही आता मांडीवर नाही. मांडी नाही. वही बाकावर धरलीये —

केस. मोठं करून बघतेय. उजव्या कानापाशी थांबली, माझी ती चुकलेली कड दिसली तिला — हसली. काकांना दाखवली. तेही हसले. ऐकू येणं आता एका बाजूनेच —

डावा खांदा. जिथे काकूंचा पदर. पदर शिल्लक ठेवला, खांदा नेला. किती सफाई. कुठे कापलं ते शोधूनही सापडणार नाही. मला जन्मात जमलं नसतं —

आता उजवा. कोपर —

आई मला विसरली, चालेल. खुर्ची घे, नाव घे, काकू घे. पण मी जळतेय तुझ्यावर निशा, आत्ताही, पहिल्या दिवसापेक्षा जास्त, आणि हे जळणं माझं आहे, माझं एकटीचं, ते तुला कुठल्याच ब्रशने पुसता ये—